बोरसंगीची आठची घंटी

माझ्या नोकरीतल्या बहुतेक चुका घाईत झाल्या. ही एक मात्र मी अगदी सावकाश केली. चौदा पानं वाचून, तांबड्या पेनाने खुणा करून आणि वरिष्ठांची सही घेऊन केली. म्हणूनच इतक्या वर्षांनीही तिची आठवण आली की मला स्वतःचाच राग येतो, आणि मग थोड्या वेळाने हसूही येतं.

साल अठ्ठ्याण्णव, जानेवारी महिना. मी सव्वीस वर्षांची होते, टेलिफोन खात्यात ज्युनियर इंजिनियर. घर नांदेडला, पोस्टिंग लातूरला. निलंग्याच्या बाजूच्या पाच खेड्यांतली एक्स्चेंजेस माझ्या ताब्यात होती. खेड्यातलं एक्स्चेंज म्हणजे एका खोलीत ठेवलेलं कपाटाएवढं यंत्र आणि शेजारी बॅटऱ्या. गावातले साठ-सत्तर फोन त्याला जोडलेले असायचे. कोणी नंबर फिरवला की कोणाची घंटी वाजवायची, कधी वाजवायची, कधी थांबवायची, हे त्या यंत्रातलं सॉफ्टवेअर ठरवायचं. ते सॉफ्टवेअर चिपांमध्ये भरून यायचं. चिपेच्या पाठीवर कागदाची चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर बॉलपेनाने रिलीजचा आकडा. नवं रिलीज घालायचं म्हणजे यंत्र बंद करायचं, जुन्या चिपा उपटायच्या आणि नव्या बसवायच्या. हे वीस मिनिटांचं काम. खरी डोकेदुखी असायची ती कोणतं रिलीज घालायचं, ही.

बोरसंगीच्या एक्स्चेंजमध्ये रिलीज दोन होतं आणि त्याला एक खोड होती. दहा-बारा दिवसांतून एकदा ते मुकं व्हायचं. गावातले सगळे फोन एकदम मरायचे. मग आमचे लाइनमन बसलिंगप्पा सायकल काढून जायचे, यंत्र बंद करून चालू करायचे, की झालं. खात्याने त्यावर इलाज म्हणून चिपांचे दोन डबे पाठवले, एकात रिलीज तीन आणि एकात रिलीज चार. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘परिस्थिती पाहून योग्य ते बसवावे.’ परिस्थिती पाहायची होती मला.

रिलीज तीनची माहिती अर्ध्या पानात संपत होती. एक्स्चेंज मुकं होण्याचा दोष दूर केला आहे, इतर बदल नाहीत. बस. रिलीज चारची माहिती चौदा पानांची. दोष तर दूर केलेलाच, शिवाय पहाटे उठवणारी घंटी, बाहेरगावचे कॉल बंद ठेवायचं कुलूप आणि अजून काय काय. नवव्या पानावर एक ओळ होती की घंट्या वाजवण्याचा भार आता एकदम न पडता तीन पाळ्यांत वाटला जाईल, त्यामुळे बॅटरी जास्त टिकेल. त्या ओळीखाली मी तांबडी रेघ मारली आणि शेजारी ‘उत्तम’ असं लिहिलं.

आता सांगा, अर्ध्या पानाचं रिलीज कोण घेईल? त्यात मी राहायला लातुरात. अठ्ठ्याण्णव टक्केवाल्याचा फोटो पेपराच्या पहिल्या पानावर आणि शहाण्णववाल्याचा आतल्या पानावर, अशा गावात चार सोडून तीन घ्यायची बुद्धी कुठून होणार? ज्या घरात मी भाड्याने राहायचे तिथेही वरच्या मजल्यावर बारावीच्या सहा पोरी होत्या. पहाटेपासून त्यांची सूत्रं पाठ करण्याची गुणगुण चालायची. त्या हवेत जो पुढचा आकडा, तोच चांगला.

बसलिंगप्पांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी चिपेची पट्टी लांब धरून वाचली.

“मॅडम, जुनं चालूच हाय की. म्हैन्यातून दोन-तीन बार मुकं व्हतंय, तेवढं मी बगतो.”

“तुम्ही आयुष्यभर सायकलवर बंद-चालू करत बसणार का?”

“मंग तीन घाला. चार कामून?”

“चारमध्ये तीनचं सगळं आहे, आणि वर आणखी आहे.”

“हाव,” ते म्हणाले. बसलिंगप्पांचं ‘हाव’ हे होकारार्थी कधीच नसायचं. पण हे मला पुढे कळलं.

बसलिंगप्पा म्हणजे पंचावन्नला टेकलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात कायम पक्कड असलेला माणूस. बोरसंगी त्यांचंच गाव. भूकंपात जुनं गाव गेलं. नवं गाव माळावर, सरळ रेघेत बसवलेलं. घरं सगळी एकसारखी, त्यामुळे पहिलं वर्षभर लोक दुसऱ्याच्याच घरात शिरायचे म्हणे. लाइनमन म्हणून त्यांच्या घरी खात्याचा फोन होता. त्यांची बायको शरणम्मा मला दर फेरीला जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. मी ‘नको नको’ म्हणत दोन भाकऱ्या खायचे. त्यांची एकुलती एक मुलगी अंजू लातूरला बारावी सायन्सला होती, कोचिंगला जायची आणि होस्टेलवर राहायची. पोरगी हुशार होती. बोरसंगीतून अशी पंधरा-वीस मुलं त्या वर्षी लातुरात शिकत होती.

सोमवारी सकाळी मी रिलीज चार बसवलं. यंत्र सुरू झालं, दिवे लागले, मी चार-पाच फोन फिरवून पाहिले. सगळीकडे घंटी वाजली, सगळ्यांनी ‘हॅलो’ केलं. मी खुशीत लातूरला परतले आणि अहवाल लिहिला. अहवालाची भाषा आता आठवली की कान गरम होतात.

तक्रारी सुरू झाल्या त्या बुधवारपासून. तक्रारवहीत बसलिंगप्पांच्या अक्षरात एकच वाक्य, नावं वेगवेगळी. ‘घंटी वाजत नाही.’ गुरम्मा, घंटी वाजत नाही. पंढरी किराणावाला, घंटी वाजत नाही. कधी ‘कधी वाजते, कधी वाजत नाही.’ बारा दिवसांत अकरा तक्रारी. प्रत्येक वेळी मी लातूरहून नंबर फिरवायचे आणि घंटी खणखणीत वाजायची. पंढरी तर उचलून म्हणाला, “हाव मॅडम, आता वाजली.” “मग तक्रार कशाची?” “कायबी न्हाई. वाजली, लई झालं.” माझा पारा चढला. मी प्रत्येक तक्रारीपुढे ‘तपासले, ठीक’ असं लिहून सही ठोकली.

फोन वाजतो का, हे तपासायची मला एकच रीत ठाऊक होती. आमच्या नांदेडच्या घरी फोन समोरच्या खोलीत आणि वडील कायम मागच्या अंगणात. माझे वडील रेणुकादास, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मी शनिवारी फोन करायचे तेव्हा तो आठ-दहा वेळा वाजायचा, मग चपलांचा आवाज, मग ‘कोण, विशाखा?’ फोन म्हणजे उचलेपर्यंत वाजत राहणारी वस्तू. तो न उचलण्यासाठीही कोणी करत असेल, हे माझ्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, मी स्वतः बोरसंगीला गेले. एक्स्चेंज तपासलं, तारा तपासल्या, काही सापडलं नाही. दुपारी नेहमीप्रमाणे बसलिंगप्पांकडे जेवायला बसले. शरणम्माने भाकरी वाढली, पण ‘अजून घ्या’ म्हणाली नाही. असं कधी झालं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते.

“काय झालं, शरणम्मा?”

“काय न्हाई बाई. उद्या लातूरला जाऊलालाव. अंजूला घिऊन येतो.”

“सुट्टी आहे का तिला?”

“कायमचीच आनतो. शिकली तेवढं बास झालं.”

परीक्षा महिन्यावर आली होती. मी बसलिंगप्पांकडे पाहिलं, तर ते खोकायला लागले. खोकला खोटा होता. तो बायकोसाठी होता, तेही मला कळलं.

“खोकू नगा,” शरणम्मा त्यांच्यावर कडाडली. “मॅडम काय परक्या हायत? बाई, पोरगी खोटं बोलूलालीय. रोज आठला घंटी देत व्हती. आता देत न्हाई, आनि इचारलं तर म्हंती, देते. एक दिस येती, दोन दिस न्हाई. आठवलं की देती, न्हाई तर न्हाई. आज घंटीचं खोटं, उद्या कशाचं?”

“कसली घंटी?” मी विचारलं.

बसलिंगप्पा ताटातल्या चटणीकडे बघत बसले.

मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. होस्टेलसमोर एसटीडी बूथ होता. रविवारी अंजू तिथून बोलायची. बाकी सहा दिवस रात्री आठला ती घरचा नंबर फिरवायची, कानात एकदा वाजलं की ठेवून द्यायची. इकडे घंटी एकदा वाजून थांबायची. म्हणजे पोरगी जेवली, खोलीवर आली, ठीक आहे. कोणी उचलायचं नाही, त्यामुळे बूथवाल्याचं मीटरही चालायचं नाही. दोनदा वाजली तर काहीतरी हवंय. आणि हे फक्त यांच्याच घरी नव्हतं. गुरम्माचा नातू पावणेआठला, पंढरीचा भाचा सव्वाआठला. अख्ख्या गावाने वेळा वाटून घेतल्या होत्या. गावात रोज संध्याकाळी वीसेक घंट्या वाजायच्या आणि एकही फोन उचलला जायचा नाही.

“आणि हे तुम्ही मला बारा दिवस सांगितलं नाही?” मी बसलिंगप्पांवर उसळले. “अकरा तक्रारी लिहिल्या! एका तक्रारीत तरी लिहायचं, की एकच घंटी असते म्हणून!”

“कसं लिव्हावं मॅडम?” बसलिंगप्पांनी मान वर केली नाही. “खात्याचं मीठ खातो. खात्याच्या तारंवरून सगळं गाव फुकट घंट्या मारूलालंय, आनि त्यात पयला मी. तुमच्या वहीत माज्या हातानं कसं लिव्हू?”

गावातला एकूण एक माणूस माझ्यापुढे मूग गिळून का बसला होता, ते तेव्हा कळलं. त्यांना वाटत होतं, खात्याला चोरी कळली आणि म्हणून मॅडमने मुद्दाम असं मशीन बसवलं की फुकटची घंटी बंद पडेल. पंढरी म्हणूनच ‘वाजली, लई झालं’ म्हणत होता. बिचारा घाबरला होता. मला रागही आला आणि वाईटही वाटलं. एवढी साधी गोष्ट आणि मी लोकांना केवढी मोठी बाई वाटत होते.

पण शरणम्माला यातलं काही ऐकायचंच नव्हतं. मी सांगून पाहिलं, की बहुतेक दोष यंत्राचा असेल, पोरीचा नसेल. ती म्हणाली, “मशीन कधी घंटी देतं आनि कधी देत न्हाई, असं असतंय व्हय? मानूस करतंय तसं. तुमी माज्या लेकराची बाजू घिऊलालाव बाई, तुमचं मन चांगलं हाय.” मग भाकरीचं टोपलं झाकत म्हणाली, “मला लातूरचं कायबी नको. डाक्टर नको, इंजनेर नको. दिस बुडला की लेक कुठं हाय ते मला ठाव पायजे. बस.”

हे कशातून येत होतं ते मला माहीत होतं. बसलिंगप्पांनी पूर्वी एकदा सांगितलं होतं. भूकंपाच्या सकाळी शेजाऱ्यांनी शरणम्माला मातीखालून काढलं, तेव्हा अंजूला आधीच काढून कोणत्या तरी जीपमधून नेलेलं होतं. कोणाची जीप, कोणत्या गावचा दवाखाना, काही पत्ता नव्हता. जिवंत होती का, तेही कोणी छातीठोकपणे सांगेना. दिवसभर ही बाई मोडलेला हात घेऊन रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारत होती. अंधार पडल्यावर बसलिंगप्पा लातूरहून आले आणि अंजू तिथल्या दवाखान्यात आहे, पायाला लागलंय पण धड आहे, असं सांगितलं. तो दिवस शरणम्माचा कधी संपलाच नाही. मुलीला लातूरला पाठवायला ती तयार झाली ती त्या एका घंटीच्या भरवशावर.

आणि ती घंटी मी घालवली होती. का, ते अजून माहीत नव्हतं. पण मीच, यात शंका नव्हती. मी ताट तसंच सोडून उठले. अन्नाचा अपमान झाला.

एक्स्चेंजच्या खोलीत मी दोन फोन एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावरून दुसऱ्याला नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला आणि दुसऱ्या फोनकडे बघत राहिले. माझ्या कानात ‘ट्रर्रर्र’ वाजलं. समोरचा फोन गप्प. एक, दोन, तीन सेकंद. मग तो वाजला. पुन्हा फिरवला, या वेळी लगेच वाजला. तिसऱ्यांदा चार सेकंदांनी. मग मी अंजू करायची तसं केलं. कानात एकदा वाजलं की ठेवून दिलं. दहा वेळा केलं. दहापैकी सहा वेळा समोरच्या फोनची घंटी वाजलीच नाही.

नवव्या पानावरची तांबडी रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली. घंट्या तीन पाळ्यांत. ज्याची पाळी आली त्याची घंटी वाजणार, बाकीचे थांबणार. पण फोन करणाऱ्याच्या कानात मात्र लगेच वाजवून द्यायचं, म्हणजे त्याला वाटतं काम सुरू झालं. उचलेपर्यंत धरून बसणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. एकदा ऐकून ठेवणाऱ्याची घंटी मात्र वाटेतच मरते. पोरगी खरं बोलत होती. बारा दिवस रोज ती बूथसमोर रांगेत उभी राहून घंटी देत होती. आईचा फोन तिच्या कानात वाजत होता आणि घरी वाजत नव्हता.

“बसलिंगप्पा, बघा,” मी म्हटलं, आणि त्यांना रिसीव्हर दिला. त्यांनी स्वतः चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि पक्कड खिशातून काढून परत खिशात ठेवली.

“म्हंजी माजी लेक खोटारडी न्हाई,” ते म्हणाले.

“नाही.”

“मी बी तिला बोललो मॅडम. गेल्या रविवारी फोनवर. लई वाईट बोललो.” मी कपाटाच्या कुलपाशी उगीच खटपट करत राहिले.

आता पुन्हा तोच प्रश्न, कोणतं रिलीज? बसलिंगप्पा म्हणाले, जुनं दोन परत घाला. पण दोनमध्ये दहा दिवसांतून एकदा अख्खं गाव मुकं होणार. तो मुका दिवस नेमका कोणत्या घरात जिवावर बेतेल, कोणी सांगावं? उरला रिलीज तीनचा डबा. त्याचं सीलसुद्धा मी फोडलं नव्हतं. माहितीचं अर्धं पान मी या वेळी दहादा वाचलं. ‘इतर बदल नाहीत.’ ज्या ओळीला मी नाक मुरडलं होतं, तिच्यावरच आता सगळी भिस्त होती. तरी घंटी कानातल्या आवाजाबरोबरच वाजते का, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. ते कोणीच लिहीत नाही. ते करूनच बघायला हवं होतं.

पण आधी लातूरला फोन करणं भाग होतं. आमचे वरिष्ठ आलोक सर घरी होते.

“चार काढून तीन घालायचं? मागे जायचं?” त्यांचा स्वर चढला. “विशाखा, चार तूच निवडलंस. सही माझी घेतलीस. आता कारण काय लिहिणार?”

“कानातला आवाज आणि घंटी एका वेळी सुरू होत नाहीत सर. तीन-चार सेकंदांचा फरक पडतो.”

“चार सेकंद! चार सेकंदांत असा कोण फोन ठेवून देतो?”

खोटं सुचलं नाही, आणि खरं सांगितलं तर गाव अडकलं असतं. ‘ठेवतात सर,’ एवढंच म्हटलं.

“माझी आई भोकरला एकटी असते,” आलोक सर हळूच म्हणाले. मग घसा साफ केला. “मी रोज रात्री... असो. तीन घाल. कारण म्हणून ‘ग्राहकांची गैरसोय’ लिही. सविस्तर लिहू नकोस.”

चार वाजता यंत्र बंद केलं. चिपा उपटताना एकीचा पाय वाकला. ती चारचीच होती, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही. तीनच्या चिपा बसवल्या, यंत्र सुरू केलं आणि पुन्हा टेबलावरचे दोन फोन. कानात वाजलं की ठेवायचं. दहा वेळा केलं, दहाही वेळा समोरची घंटी वाजली. बसलिंगप्पा म्हणाले, अजून दहा. तीही वाजली. मग ते म्हणाले, अजून दहा, आणि मी त्यांना ओरडले.

पण खरी अडचण अजून बाकी होती. घरी जाऊन बसलिंगप्पांनी बायकोला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग आज आठला वाजू द्या.” नंतर तिचा चेहरा एकदम उतरला. “पन ती आता कामून दील? काल पंढरी लातूरला गेलता. त्याच्याजवळ सांगून धाडलंय मी. घंटी देऊ नको म्हनून. तुजं खोटं कळलंय, रविवारी येऊलालाव, सामान बांधून ठिव म्हनून.”

आम्ही तिघंही फोनपुढे बसलो. होस्टेलला उलट फोन करायची सोय नव्हती. बूथवाला निरोप द्यायचा नाही. सहाची लातूरची गाडी मी सोडून दिली होती. ही घंटी ऐकल्याशिवाय मला जाता येत नव्हतं.

पावणेआठला शेजारच्या गुरम्माकडे फोन एकदा वाजला आणि थांबला. तिच्या घरातून लगेच मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज आला. समोरच्या ओळीतही एकदा वाजला. शरणम्माने पदराने फोन पुसला. मग आठ वाजले. आठ वाजून पाच मिनिटं झाली. बसलिंगप्पा उठून दारात जाऊन उभे राहिले. आठ दहा झाले. सव्वाआठला कुठून तरी पंढरीच्या भाच्याची घंटी ऐकू आली आणि शरणम्मा म्हणाली, “न्हाई द्यायची ती. माज्यावर गेलीय. एकदा मन मोडलं की मोडलं.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी मनातल्या मनात त्या पोरीला विनवत होते.

आठ वीसला आमच्यापुढचा फोन वाजला.

बसलिंगप्पा दारातून वळले. घंटी संपेपर्यंत कोणी हलायचं नाही, ही त्या घराची रीत होती. पण घंटी संपायच्या आत शरणम्माने झडप घालून रिसीव्हर उचलला.

तिकडून इतक्या जोरात आवाज आला की आम्हालाही ऐकू आला. “अव्वा? अव्वा, काय झालं? उचललास कामून? अप्पाला काय झालंय का?”

“काय न्हाई झालं. अप्पा हितंच हायत.”

“मंग?”

बूथवाल्याचं मीटर तिकडे पळत असणार.

“अव्वा, मी रोज देऊलालते,” अंजूचा रडवेला आवाज आला. “आई शप्पथ रोज. तू नको म्हनून धाडलीस तरी बी आज आले. रांग लई व्हती.”

“ठाव हाय मला,” शरणम्मा म्हणाली. “तू दिलीस. मलाच आली न्हाई. मी तुला खोटारडी म्हनले, अंजू. चुकलं माजं.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग अंजूने दबक्या आवाजात विचारलं, “सामान बांधून ठिवलंय मी. उद्या न्यायला येऊलालाव ना?”

“येऊलालाव,” शरणम्मा म्हणाली. “सामान सोड. नुसतं बगायला येऊलालाव.”